कोरियाचा नियम आणि आक्काची तुती

३ जुलै

आज गटाची बैठक झाली आणि माझा नियम एकमताने मंजूर झाला. एकमताने म्हणजे अठराही घरांनी सह्या केल्या, त्यातल्या पाच-सहा जणांनी न वाचता. कागद सगळ्यांच्या हातून फिरवून सह्या घ्यायच्या ही जपानी पद्धत, ती मी मुद्दाम वापरली. नंतर कुणाला तोंड वर करून बोलायला जागा राहत नाही.

मी या रेशीम गटाचा अध्यक्ष कसा, हे मलाही नीटसं ठाऊक नाही. तुतीची एक काडी मी स्वतः लावलेली नाही, माझी आहे मोसंबीची बाग. पण बदनापूरला कॉलेजात एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झालो, बायको साधना नातवासाठी पुण्याला जाऊन बसली, आणि गावात मोकळा माणूस दिसला की लोक त्याला अध्यक्ष करतात. शाळेत माझ्या बाकावर बसणारा जुगलकिशोर जालन्यात सळईचा व्यापारी आहे. त्यानं चार कारखानदारांना गळ घालून गटासाठी सिमेंट मिळवलं. उन्हाळ्यात अठरा घरांना सारखी पोती वाटली, किड्यांच्या शेडची जमीन आणि भिंती करायला. आता दिवाळीच्या आधी छपरासाठी सळई आणि पत्रे येणार आहेत. ते मात्र फक्त नऊ घरांपुरते.

मग नियम कोरियाचा. सत्तर सालच्या हिवाळ्यात तिथल्या सरकारने प्रत्येक खेड्याला तीनशे पस्तीस पोती सिमेंट दिलं. काही गावांनी रस्ते केले, पूल बांधले, काहींनी पोती पावसात भिजवून त्याचे दगड केले. दुसऱ्या वर्षी ज्यांनी काम दाखवलं त्यांनाच पाचशे पोती आणि टनभर सळई, बाकीच्यांना ठेंगा. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं आहे की शेवटच्या बाकावरची पोरं माझ्याबरोबर "ठेंगा" म्हणायची. आमच्याकडे ऑगस्ट आणि सप्टेंबर अशा दोन बॅचेस बघायच्या, पहिल्या नऊ घरांना सळई-पत्रे, उरलेली नऊ घरं दोन वर्षं गटाबाहेर. कारणं ऐकून घेतली जाणार नाहीत, हे शेवटचं वाक्य मी स्वतः घातलं.

शिवकन्या गटाची सचिव. अळ्या अगदी बारक्या असताना दहा दिवस तीच वाढवते आणि मग घरोघर देते, त्यामुळे बायका तिला मानतात. ती म्हणाली, "सर, तुमचा नियम ठीक हाये. पण फवाऱ्याचा सांगावा बी लिहून घ्या."

तुतीच्या शेजारी कुणाला औषध फवारायचं असेल तर त्यानं आदल्या दिवशी सांगावा धाडायचा, म्हणजे तुतीवाले आधीच पाला कापून ठेवतात. असल्या बारीकसारीक गोष्टींनी देश घडत नाहीत. पण पोरगी हट्टाला पेटली, म्हणून सातव्या क्रमांकावर घातलं.

४ जुलै

जुगलकिशोरचा फोन. नियम ऐकून म्हणाला, "मास्तर, एक विचारू का? त्या कोरियात जी गावं नापास झाली, ती का झाली हे बघायला कुणी गेल्तं का?"

म्हटलं, निकाल बघायचा असतो. कोरियात दर महिन्याला राष्ट्राध्यक्ष स्वतः बैठकीत बसून कुणाची निर्यात किती झाली ते बघायचा. कारणं ऐकत बसलं की आपल्यासारखं होतं.

"ते बराबर. पण माझ्या दुकानात माल वाकडा आला, तर मी आधी गाडी बघतो, मंग माणूस."

व्यापारी माणूस. त्याला धोरण कळत नाही.

१९ जुलै

आक्काच्या शेडवर जाऊन आलो. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण दैवशाला. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ती चौदाची. मला तिनंच वाढवलं. मी औरंगाबादला एम. ए. करत होतो तेव्हा ती सासरहून धान्य पाठवायची. पुढे नवरा वारला आणि ती परत आली. मुलंबाळं नाहीत. आमच्या शेताच्या पूर्वेच्या बांधाला एकरभराचा पट्टा मी तिला कसायला दिला आहे, तिथंच दोन खोल्या बांधून राहते. त्या पट्ट्यात आता तुती आहे.

तिचं काम बघत राहावं असं आहे. तोडलेला पाला गालाला लावून बघते, गार लागला तरच अळ्यांना टाकते. शेडच्या दारात चुन्याची पाटी ठेवलीय, अध्यक्ष असलो तरी मला त्यात पाय बुडवायला लावले.

मी तिला जपानचं सांगत होतो. दीडशे वर्षांपूर्वी जपानकडे विकायला दुसरं फारसं काही नव्हतं, रेशीम होतं. खेड्यातल्या पोरी गिरण्यांत बसून ते काढायच्या. त्या रेशमाच्या पैशातून देशानं यंत्रं आणली, बोटी आणल्या.

आक्का पाला पसरता पसरता म्हणाली, "मंग त्या पोरींना काय भेटलं?"

"मजुरी."

"अन् बोटी?"

"बोटी देशाच्या, आक्का."

"आसं व्हय," म्हणाली आणि पुढच्या रॅककडे गेली.

१२ ऑगस्ट

पहिल्या बॅचचा निकाल. अठरा घरांत आक्का पहिली. कोष पांढरेशुभ्र आणि कडक, डागी जवळजवळ नाहीच. शिवकन्या म्हणाली जालन्याच्या कोष बाजारात आक्काच्या मालाला बोली लागताना माणसं उठून उभी राहिली.

आनंद झालाच. पण खरं लिहायचं तर जरा अडचणही वाटली. पारावर एकजण म्हणालाच, "सरांच्या घरातच पयला नंबर गेला का." हसत म्हणाला, पण म्हणाला. मला एकतीस वर्षांत कुणी पक्षपाती म्हटलेलं नाही. प्राचार्यांच्या पोराला मी नापास केलेलं आहे.

२ सप्टेंबर

बागेत फळगळ सुरू झालीय. झाडाखाली हिरव्या मोसंब्यांचा सडा पडलेला बघून जीव कासावीस झाला. बागेवरच्या गड्याला, कल्याणला सांगितलं, आजच फवारा मारून घे, उद्यावर टाकू नको. तो म्हणाला वारं हाये. म्हटलं, वारं रोजच असतं.

दुपारभर ओसरीत बसून पुस्तकाचं तैवानचं प्रकरण लिहिलं. हे पुस्तक मी वीस वर्षं लिहितोय. जपान, कोरिया, चीन ही प्रकरणं झाली, तैवानपाशी गाडी अडते. तिथं मोठं नाट्य नाही. छोटे शेतकरी, छोटे कारखाने, गावोगावी शेतकऱ्यांच्या संघटना आणि त्यांचा सल्लागार, जो सायकलवरून बांधावर येऊन उभा राहायचा आणि पीक का बसलं ते विचारायचा. यात वाचकाला काय सांगणार? कोरियाची छाती दडपवणारी शिस्त यात नाही.

वारा पश्चिमेचा होता, म्हणून औषधाचा वास घराकडे आला नाही, सगळा पलीकडे गेला. बऱ्याच दिवसांनी चार पानं सलग झाली.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. सकाळपासून मोबाईल वाजतोय. जुन्या विद्यार्थ्यांचे एकशे बारा संदेश आले. एकजण आता बँकेत मोठा साहेब आहे, त्यानं लिहिलं, "सर, तुमचा कोरिया अजून पाठ आहे." वाचून डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी शिवकन्या धावत आली. आक्काच्या अळ्या मरताहेत. पाच-सहा दिवसांत कोष विणायला लागल्या असत्या, आणि आता रॅकच्या रॅक आडव्या पडल्यात.

७ सप्टेंबर

दोन दिवस आक्काकडे जाणं झालं नाही, शिक्षक दिनाच्या सत्काराला परतूरला जावं लागलं. आज गेलो. चौथा हिस्सासुद्धा वाचला नाही. तिनं मेलेल्या अळ्या खड्ड्यात पुरल्या होत्या आणि रिकामे रॅक धूत होती.

"काय झालं?"

"मुंड्या वर करून झुलू लागल्या. हिरवं ओकल्या. मंग गेल्या."

मी तिला रोगाबद्दल समजावून सांगितलं. स्वच्छता, हवा, ओला पाला. तिनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या बागेकडे बघत होती, म्हणजे ऐकत नव्हती बहुतेक. मी म्हटलं, आक्का, पहिल्या बॅचला नंबर आला की माणूस जरा सैल पडतो, देशांचंही तसंच होतं. जपान बघ, नव्वदनंतर कसा बसला.

"आसंल," म्हणाली. मग म्हणाली, "फळ थांबलं का रे तुझं?"

म्हटलं, थांबलं, फवारा बरोबर वेळेवर बसला. या परिस्थितीतही तिला माझ्या मोसंबीची काळजी, याचं कौतुक वाटलं.

२१ सप्टेंबर

दोन्ही बॅचेस धरून यादी केली. आक्का अकरावी.

नऊजणांची यादी लिहिताना हात एकदा थांबला. पहिल्या बॅचला तिच्या आसपाससुद्धा कुणी नव्हतं. पण नियम म्हणजे नियम. आणि लिहितो खरं, मनात कुठेतरी बरंही वाटलं. आता पारावर कुणाची बोलायची छाती होणार नाही. ज्यानं सख्ख्या बहिणीला बाहेर काढलं त्याला पक्षपाती कोण म्हणेल? कोरियाच्या सरकारनेसुद्धा मोठमोठ्या उद्योगांना बुडू दिलं, जवळचा-लांबचा बघितला नाही असं मी वर्गात शिकवायचो. बघितला की नाही, याच्यावर तिथेही वाद आहेत. ते मी शिकवत नव्हतो.

यादी चावडीच्या भिंतीवर लावली. तीन-चार जणांनी येऊन हात मिळवला.

२३ सप्टेंबर

आक्काला स्वतः जाऊन सांगितलं. वाटलं होतं रडेल, भांडेल. तिनं चहा टाकला.

"दोन वर्सं भाईर म्हंजी अळ्या बी न्हाई भेटायच्या?"

"शिवकन्याच्या केंद्रातून नाही. बाहेरून आणता येतील, पण तुला जमायचं नाही."

"पत्रे आले आस्ते तर उनाळ्यात बी बॅच घ्यावी म्हणत होते."

मी तिला पूर्ण सांगितलं की हे का आवश्यक आहे. कोरिया, तैवान, जपान, तिघांनी आधी काय केलं, तर जमीनदारांकडून जमीन काढून कसणाऱ्याला दिली. त्यामुळे सगळे एका रेषेत आले. मग शर्यत लावली. एका रेषेतून सुटलेल्या शर्यतीत जो मागे राहिला त्याला तक्रार करता येत नाही.

ती बशीत चहा ओतत म्हणाली, "जमीन वाटली म्हणतोस. पोरींना बी दिली का?"

मी म्हटलं, आक्का, तो वेगळा विषय आहे.

"न्हाई, इचारलं नुसतं," म्हणाली.

२५ सप्टेंबर

तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. वीस वर्षं ज्या देशांवर लिहितोय त्यांच्याबद्दल ही एवढी साधी गोष्ट मला माहीत नव्हती. पुस्तकं काढली, इंटरनेट धुंडाळलं.

कोरियात जमीन मिळाली ती घरच्या कर्त्याला. मुलींना वारशात बरोबरीचा वाटा मिळायला नव्वद साल उजाडलं. जपानने युद्धानंतर लगेच कायदा बदलला. आणि तैवान. तैवानात मुलींचा वाटा कायद्यात कधीचाच आहे, पण जुन्या वळणाच्या घरांत मुली भावाच्या बाजूने कागदावर सही करतात आणि वाटा सोडून देतात. माहेर तुटू नये म्हणून.

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

आमचं तसं नव्हतं. आक्कानं हक्कसोड दिली ती स्वखुशीनं. शहाण्णव साली परतूरच्या तहसीलमध्ये गेल्तो, मी फक्त म्हटलं होतं की सातबारा एका नावावर असला की सोसायटीचं काम सोपं जातं. तिनं कागद वाचायला मागितला नाही. सही झाल्यावर मी तिला स्टँडवर भजी खाऊ घातली होती, चांगलं आठवतं. शिवाय अकरा एकरांपैकी एक एकर मी तिला दिलेलाच आहे. कसायला.

६ ऑक्टोबर

शिवकन्या आली होती. सळई आणि पत्रे सहा दिवसांनी येणार, त्याची व्यवस्था बोलायची होती. बोलून झालं तरी उठेना.

"सर, आक्काच्या अळ्या रोगानं न्हाई गेल्या."

"मग?"

"रोगानं जाती ती अळी पिवळी पडती, फुगती. हिरवं ओकून मुंडी हालवती ती इखानं." मग जमिनीकडे बघत म्हणाली, "दोन तारखेला तुमच्या बागेत फवारा झाल्ता ना?"

मी म्हटलं, आठवत नाही. अध्यक्षाच्या तोंडून पटकन निघतं तसं निघालं. ती गेल्यावर ही वही उघडली. दोन सप्टेंबर. माझंच अक्षर. वारा पश्चिमेचा, वास सगळा पलीकडे गेला. बागेच्या पलीकडे पूर्वेला काय आहे हे मी लिहिलेलं नाही, कारण मला ते सुचलंही नव्हतं. कल्याण बिचारा वारं हाये म्हणाला होता.

आणि सांगावा. सातवा नियम. माझ्याच सहीचा.

जे आहे ते लिहितो, ही वही दुसऱ्या कुणासाठी नाही. पहिला विचार आक्काचा आला नाही. पहिला विचार आला तो हा की शिवकन्या हे अजून कुणाजवळ बोलली असेल का.

दुसरा विचार सात सप्टेंबरचा आला. मी स्वच्छतेवर बोलत होतो आणि ती माझ्या बागेकडे बघत होती. तिला माहीत होतं. तिनं विचारलं काय, तर फळ थांबलं का.

९ ऑक्टोबर

तीन दिवस आक्काच्या दारावरून जातोय. आज आत गेलो. ती वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मीही बसलो, दोन मुठी सोलल्या. हवापाण्याचं बोललो, साधनाचं बोललो. उठताना ती म्हणाली, "काही बोलायचं व्हतं का?"

म्हटलं, नाही, सहज आलतो.

बैठकीत सांगणार आहे. सगळ्यांसमोर. अध्यक्षानं नियम मोडला, बहिणीचं नुकसान माझ्यामुळे झालं, तिचं नाव यादीत पहिलं घ्या आणि मला उतरवा. जपानात मोठे साहेब कमरेत वाकून माफी मागतात. तेवढं मला जमायला पाहिजे. भाषण लिहून काढलं, दीड पान झालं.

१२ ऑक्टोबर

गाडी सकाळीच आली. जुगलकिशोर सोबत आल्ता. चावडीपुढे सळईच्या मोळ्या आणि पत्रे उतरले, सगळं गाव जमलं. बाहेर काढलेली नऊ घरंही आली होती, मागे उभी होती. आक्का बायकांत खाली बसली होती.

मी उठलो. खिशात कागद होता. काढलाच नाही. कोरियापासून सुरुवात केली, तिथून तैवानला गेलो, आणि तैवानात मी किती वेळ होतो कोण जाणे. जुगलकिशोरनं दोनदा घड्याळ बघितलं. मी म्हणत होतो की निकालाबरोबर कारणंही बघायला हवीत, तैवानचा सल्लागार बांधावर येऊन विचारायचा, वगैरे. लोकांना वाटलं सर समारोप करतायत.

तेवढ्यात शिवकन्या उठली. म्हणाली, "कारणं बघायची आसली तर आक्काचं बघा. सप्टेंबरात त्यांच्या शेजारी फवारा झाल्ता. सांगावा कुणी दिला न्हवता."

गलका झाला. आक्काच्या पट्ट्याच्या तीन बाजूंना कोण आहे हे सगळ्या गावाला पाठ आहे. उत्तरेला रस्ता, दक्षिणेला पडीक, पूर्वेला ओढा. राहिली एक बाजू. पण तोंडावर बोलेना कुणी. एका म्हाताऱ्यानं शेवटी आक्कालाच विचारलं, "दैवशाला, फवारा कुणाचा व्हता?"

सगळे तिच्याकडे बघत होते. मी सोडून. मी टेबलावरच्या नारळाकडे बघत होतो. आता बोललो असतो तरी चाललं असतं. तीन शब्द होते, फवारा माझा होता. घशाशी आले होते, हे शपथेवर लिहितो. त्याचा काही उपयोग नाही, तरी लिहितो.

"फवारा कुठला," आक्का म्हणाली. "माझ्याच हाताचं चुकलं. शिळा पाला टाकला म्या. सरानं केलं ते बराबर केलं."

सर म्हणाली मला. जन्मात कधी म्हणाली नव्हती.

शिवकन्या खाली बसली. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मग नारळ फुटला, सळई वाटली, नऊ घरांची माणसं पत्रे डोक्यावर घेऊन गेली. जुगलकिशोर गाडीत बसताना माझा हात धरून उभा राहिला. मग "जातो मास्तर," म्हणाला.

निघताना आक्का म्हणाली, "घरी कुणी न्हाई तुझ्या, जेवून जा." गेलो. बाजरीची भाकरी आणि वालाच्या शेंगांची भाजी होती. मी जेवलो. दुसरी भाकरी मागून घेतली.

१४ ऑक्टोबर

अध्यक्षपदाचा राजीनामा लिहिला, कारण 'प्रकृती' असं दिलं. मग फाडला. ते पुन्हा एक खोटं झालं असतं.

वर्गात मी फळ्यावर लिहायचो: आधी जमीन, मग शिस्त. खाली खडूनं दोन रेघा ओढायचो. परीक्षेत हमखास यायचं. आणि गावात येऊन मी शिस्तीपासून सुरुवात केली, कारण जमीन माझ्या नावावर होती. अकरा एकरांचा मालक ओसरीत बसून शर्यतीचे नियम लिहीत होता. ज्या बाईला स्वतःच्या बांधावर कुणी काय फवारावं हे सांगायचा हक्क नव्हता, तिला म्हणत होता की एका रेषेतून सुटलोय, तक्रार करू नको. तिनं मला शिकवलं नसतं तर मी हे लिहू तरी शकलो असतो का? आणि शिकून मी केलं काय, तर तिला भजी खाऊ घातली.

६ नोव्हेंबर

दिवाळीत साधना आली, तिला सगळं सांगितलं. आक्काला सांगणं असं सोपं असतं तर. ती म्हणाली, "मला काय सांगताय? तिथं जा."

गेलो नाही. पंधरा दिवस गेलो नाही. आज सकाळी ट्रॅक्टरचा आवाज पूर्वेकडून आला म्हणून बघायला गेलो, तर आक्काच्या पट्ट्यात तुती नव्हती. गेल्या आठवड्यातच मुळासकट काढली होती म्हणे, मला बागेपलीकडचं दिसलं नाही. शेवटचा पाला तिनं शिवकन्याच्या अळ्यांना दिला. शेडमध्ये कुणाच्या तरी गुरांचं कुटार भरून ठेवलंय. तिच्या हातासारखा हात पंचक्रोशीत नाही, असं जालन्याच्या बाजारात माणसं म्हणत होती, त्याला तीन महिनेही झालेले नाहीत.

ट्रॅक्टर पेरून निघून गेला. ती बांधावर बसली होती, मी शेजारी बसलो.

म्हटलं, "आक्का, हा पट्टा तुझ्या नावावर करून देतो. पट्टाच काय, निम्मं. तुझा वाटा आहे तो. उद्याच तलाठ्याकडे जाऊ."

ती हसली. "आता? सहासष्ट वर्सं झाली मला. मला का लेकरू हाये? फिरून तुझ्याच पोराच्या नावावर यायचं ते. कशाला खर्चा करतो."

"तरी पण."

"तवा इचारलं आस्तंस तर..." म्हणाली आणि थांबली. पदरातली माती झटकली.

मग मी म्हणालो. बैठकीत म्हणायचं होतं ते, मोकळ्या रानात, जिथं ऐकायला कुणी नव्हतं. "तो फवारा माझा होता, आक्का. मी सांगावा दिला नाही."

"म्हाईत हाये."

"मग सगळ्यांसमोर तू..."

"भागवत," ती म्हणाली, "तू बोलशील म्हणून म्या लई वाट बघितली. तो म्हातारा इचारून राह्यला, अन् तू नारळाकडं बघून राह्यला. मंग मला वाटलं, ह्याला न्हाई जमायचं. म्हणून बोलले."

ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि नव्या पेरलेल्या रानाकडे बघत समजावणीच्या सुरात म्हणाली, "हरभरा पेरलाय. हरभऱ्याला तुझ्या औषधाचं काही होत न्हाई. तू आता निवांत फवार."